बीए बंद करण्याआधी एकदा तुरुंगापर्यंत चालत चला

प्रति,
सन्माननीय अध्यक्ष, विश्वस्त आणि संचालक मंडळाचे सदस्य,
ठाणे व नवी मुंबईत महाविद्यालये चालवणाऱ्या शिक्षण संस्था

सप्रेम नमस्कार.

पुढच्या वर्षापासून बीएची तुकडी बंद करावी, असा विचार आपल्यापैकी एका संस्थेत सुरू आहे. मी तिथे तासिका तत्त्वावर इतिहास शिकवते. तुकडी गेली की माझ्या तासिकाही जातील, म्हणजे यात माझा स्वार्थ आहे, हे आधीच सांगून टाकते. पण तासिका तत्त्वावरच्या बाईच्या तासिका अशाही दर जूनला जाण्याच्या बेतात असतात. तेवढ्यासाठी इतके लांब पत्र लिहिले नसते. संस्थेचे नाव घेत नाही, कारण हा ठराव आज एकीकडे आला आहे आणि उद्या तुमच्यापैकी आणखी कोणाच्या तरी टेबलावर येणार आहे. चार ठिकाणी शिकवायला जाणाऱ्यांना हे जरा लवकर कळते.

कारण सांगितले जाते ते एकच, प्रतिसाद नाही. मोठा वर्ग आणि पुढच्या दोन बाकांवर मुले, हे चित्र खोटे नाही. पण तो प्रतिसाद कसा कमी होतो तेही बघावे. माहितीपुस्तिकेत विज्ञान, वाणिज्य, बीएमएस (व्यवस्थापन), बीएएफ (लेखा व वित्त), आयटी यांना पानभर जागा आणि रंगीत फोटो. कला शाखा शेवटी, गणवेशाच्या नियमांच्या आधी, चार ओळींत. प्रवेशाच्या खिडकीवर मुलीने ‘इतिहास’ म्हटले की आतून गुणपत्रिका उलटीसुलटी करून विचारणा होते, ‘अगं, चौऱ्याऐंशी टक्के आहेत की! कॉमर्स मिळेल तुला.’ सोबत आलेली आई लगेच मुलीकडे बघते. तिथेच एक प्रवेश गेला.

पुढचे सगळे कागदोपत्री रीतसर होते. मराठीचे सर निवृत्त झाले, पद भरले नाही. पद नाही म्हणून एक विषय कमी केला. विषय कमी झाले म्हणून मुले कमी झाली, मुले कमी म्हणून कार्यभार कमी, आणि कार्यभार कमी म्हणून उरलेल्या मॅडम अतिरिक्त. अनुदानित बीएची फी आणि वरच्या मजल्यावरच्या स्वयंअर्थसहाय्यित अभ्यासक्रमाची फी यांत किती अंतर आहे, हे मी आपल्याला सांगायला नको. ठाण्यात जागेचा भाव काय आहे तेही मला कळते. संस्था चालवायला पैसा लागतो असे सरळ म्हणा, मी वाद घालणार नाही. पण मग ठरावात ‘प्रतिसाद’ हा शब्द लिहू नका.

हेही मान्य की बीएचे बरेच वर्ग कंटाळवाणे असतात. फळ्यावर मुद्दे, वहीत मुद्दे, परीक्षेत तेच मुद्दे, आणि त्यासाठी गाईड. मराठीच्या तासाला कवितेचा सारांश, इतिहासाच्या तासाला कारणे व परिणाम, समाजशास्त्राच्या तासाला व्याख्या. तीन खोल्यांतले तीन विषय एकमेकांना ओळखतही नाहीत. असा वर्ग बंद पडला तर कुणाला वाईट वाटावे, असे आपण विचाराल. मी आपल्याला तलावपाळीवरून टेंभी नाका, तिथून कोर्टनाका आणि पुढे मध्यवर्ती कारागृहाच्या भिंतीपर्यंत चालत घेऊन जाते. पंधरा-वीस मिनिटांचे अंतर आहे. आत सहजासहजी जाता येत नाही, पण बाहेर उभे राहून बोलण्याजोगे पुष्कळ आहे.

हा तुरुंग म्हणजे ठाण्याचा जुना किल्ला. पोर्तुगीजांनी बांधायला घेतला, आणि काम पुरे होण्याआधीच मार्च १७३७ मध्ये चिमाजी अप्पांच्या मोहिमेत मराठ्यांनी ठाणे घेतले. डिसेंबर १७७४ मध्ये इंग्रजांनी ते मराठ्यांकडून घेतले. १७८७ मध्ये किल्ल्यात नव्या कामासाठी पाया खणताना ताम्रपट सापडले. शिलाहार राजा अरिकेसरीचे दानपत्र, शके ९३९, म्हणजे इसवी सन १०१७. त्यात या गावाला श्रीस्थानक म्हटले आहे. पुढच्याच वर्षी, १७८८ साली, कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीने ‘एशियाटिक रिसर्चेस’चा पहिला खंड काढला, त्यात या ताम्रपटाचे भाषांतर छापले गेले. भारतातल्या कोरीव लेखांच्या आधुनिक अभ्यासाची सुरुवात ज्या मोजक्या लेखांपासून झाली, त्यांत आपल्या तुरुंगाच्या पायातून निघालेला हा लेख आहे. बारावीपर्यंत ठाण्यात शिकलेल्या किती मुलांना हे ठाऊक असते? रेल्वे १८५३ ला आली एवढे मात्र सगळ्यांना पाठ असते.

आता १८१६ ची गोष्ट, जी मी वर्गात सगळ्यात आवडीने सांगते.

बडोद्याच्या गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन यांचा जुलै १८१५ मध्ये पंढरपूरला खून झाला. संशय दुसऱ्या बाजीरावाचा मर्जीतला कारभारी त्रिंबकजी डेंगळे याच्यावर. इंग्रजांनी दडपण आणून त्याला ताब्यात घेतले आणि ठाण्याच्या किल्ल्यात ठेवले. एतद्देशीय शिपाई फितूर होतील या भीतीने पहारा गोऱ्या सैनिकांचा नेमला. किल्ल्यातल्या एका इंग्रज अधिकाऱ्याकडे एक मराठा मोतद्दार चाकरीला होता. साहेबाचा घोडा फिरवायला तो रोज त्रिंबकजीच्या खिडकीखालून जायचा आणि जाता-येता गाणी गुणगुणायचा. पळून जायचा सगळा बेत त्या गाण्यांत होता. पहारेकऱ्यांना मराठीचा गंध नव्हता, त्यांच्या दृष्टीने एक नोकर घोडा फिरवताना काहीतरी आळवतो आहे, इतकेच. सप्टेंबर १८१६ मध्ये एका रात्री त्रिंबकजी किल्ल्यातून पसार झाला.

फितुरी टाळायला म्हणून आणलेला पहारा, आणि नेमका तोच अंगाशी आला! मराठ्यांचा इतिहास लिहिणाऱ्या ग्रँट डफने ही हकिकत लिहून ठेवली आहे. बिशप हेबरने आपल्या प्रवासवर्णनात त्या गाण्याचा इंग्रजी पद्यानुवादही दिला आहे. झुडपाआड तिरंदाज दडलेत, झाडाखाली घोडा उभा आहे. घोडे पंचावन्न आणि माणसे चोपन्न, पंचावन्नावा स्वार चढला की दख्खनला पुन्हा बरे दिवस येतील. एक घोडा मोकळा आहे, हा निरोप.

एवढी गोष्ट सांगून मी थांबते आणि मग वर्ग आपोआप सुरू होतो. हेबर कोण? ख्रिस्ती धर्मगुरू, आणि स्वतः कवी. १८२४ मध्ये चुनारच्या किल्ल्यात कैदेत असलेला त्रिंबकजी त्याने पाहिला होता. पण ठाण्यातून सुटका झाली तेव्हा तो भारतात नव्हता. मग त्या कवितेत मोतद्दाराचे किती आणि बिशपचे किती? तिरंदाज १८१६ च्या कोकणात कुठून आले, की ते इंग्रजी बालाडमधून घुसले? ही शंका एका मुलीने काढली, मी नाही. दुसरा म्हणाला, हे मराठीत मूळ कसे असेल ते लिहून बघूया. ओवीत बसते का, लावणीच्या चालीवर जाते का, आणि संशय येऊ नये म्हणून घोडेवाला नेमके काय गाईल? पहिल्या बाकावरच्या मुलाने विचारले की त्रिंबकजी, बाजीराव, पुण्याचा इंग्रज रेसिडेंट एल्फिन्स्टन सगळ्यांची नावे आहेत, मग ज्याने सगळे घडवून आणले त्या मोतद्दाराचे नाव कुठे आहे? हा प्रश्न समाजशास्त्राचा आहे. आणि मागच्या बाकावरच्या, एरवी तालमीच्या जागरणाने पेंगणाऱ्या मुलाने ‘मॅडम, ही तयार एकांकिका आहे’ असे जाहीर केले. खिडकी, घोडा, पहारेकरी. नेपथ्यही स्वस्तातले.

त्याच भिंतीआड १९१० साल आहे. २१ डिसेंबर १९०९ ला नाशिकच्या विजयानंद थिएटरात कलेक्टर जॅक्सन यांच्या बदलीनिमित्त नाटकाचा प्रयोग होता, देवलांचे ‘संगीत शारदा’. तिथे अनंत कान्हेरे यांनी जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. १९ एप्रिल १९१० ला कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे या तिघांना ठाण्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली. कान्हेरे अठरा वर्षांचे होते, आमच्या एफवायच्या मुलांएवढे.

एका गुणाच्या प्रश्नाला इतके पुरते. पण जरा खोल जा. बाबाराव सावरकरांना जून १९०९ मध्ये काळ्या पाण्याची शिक्षा झाली ती कविता छापल्याबद्दल, आणि तो खटला जॅक्सनने पुढे धाडला होता. कवितेची एवढी धास्ती सरकारला का वाटली, हे समजायला कविता वाचावी लागते, शिक्षेची तारीख पाठ करून भागत नाही. प्रयोग कुठल्या नाटकाचा होता? पैशाच्या जोरावर कोवळ्या मुलीशी लग्न करायला निघालेल्या म्हाताऱ्याच्या नाटकाचा. १८९९ ला ते रंगभूमीवर आले आणि दहा वर्षांनीही ते पाहायला गर्दी होत होती, म्हणजे प्रश्न घरोघरी जिवंत होता. आणि ज्याला मारले तो जॅक्सन? ‘पंडित जॅक्सन’ म्हणून ओळखला जाणारा संस्कृतचा व्यासंगी. त्याने गावोगावच्या शाळामास्तरांकडून माहिती मागवून लोकसमजुती गोळा केल्या होत्या. विहिरीवरची भुते, शेतातले देव, पाऊस लांबला तर करायचे विधी. त्याच्या मृत्यूनंतर एन्थोवेन या इंग्रज अधिकाऱ्याने ती टिपणे संपादित करून छापली, त्यातला कोकणचा खंड १९१५ चा. ठाणे जिल्ह्यातल्या मास्तरांची उत्तरेही त्यात आहेत.

आता हा माणूस कसा होता, हे सात गुणांत कसे लिहिणार? मुले गोंधळतात. काही चिडतात. एकीने सरळ विचारले, ‘मग कान्हेऱ्यांबद्दल आम्ही काय वाटून घ्यायचे?’ मी उत्तर दिले नाही. तिने आधी खटल्याची कागदपत्रे वाचावीत, नाटक वाचावे आणि मग स्वतः ठरवावे, असे सांगितले. असा तास बीएमएसच्या वेळापत्रकात कुठे बसवणार, ते मला सांगा.

‘बसवायची गरजच काय’ असे कुणी म्हणेल, म्हणून आता आपल्याला पटेल असा मुद्दा. नव्या शैक्षणिक धोरणाच्या आराखड्यात पदवीच्या विद्यार्थ्याला खुले वैकल्पिक विषय आपल्या विद्याशाखेबाहेरून घ्यावे लागतात. म्हणजे बीकॉम, बीएस्सीच्या मुलांनी वाणिज्य-विज्ञानाबाहेरचे काहीतरी शिकायचेच आहे. कला शाखेचे विभाग मोडल्यावर ते शिकवणार कोण? आताच काही ठिकाणी ‘ओई’ (ओपन इलेक्टिव्ह, म्हणजे हाच खुला विषय) म्हणून कुणीही मोकळा असलेला शिक्षक काहीही शिकवतो. श्रेयांक मिळतात, शिकणे होत नाही. माझ्या मते या शहरांतल्या इतिहास आणि साहित्याचे खरे गिऱ्हाईक विज्ञान-वाणिज्याच्या वर्गांतच बसले आहे. आणि हे नवे नाही. ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयाच्या १८९३ च्या स्थापनेत पुढाकार घेणारे आणि ‘महाराष्ट्र सारस्वत’ लिहिणारे वि. ल. भावे विज्ञानाचे पदवीधर होते. प्राचीन भारताचा इतिहास लिहिणारे दा. ध. कोसंबी गणिती होते. त्या मुलांना दार उघडे ठेवायचे तर आत विभाग असावा लागतो. चालू असलेला विभाग, कुलूप लावलेला नव्हे.

नाटकाबद्दल तर काय बोलावे. एकांकिकेचा करंडक आला की प्रवेशद्वारावर फलक लागतो, त्यावर विश्वस्तांचे फोटो मुलांच्या फोटोंपेक्षा मोठे. तालमीला मात्र जागा नाही. आठ वाजले की वॉचमन दिवे घालवतो. मुले पार्किंगमध्ये तालीम करतात, नेपथ्याचे सामान स्वतःच्या खिशातून टेम्पोत घालून नेतात. यातली बहुतेक मुले बीकॉमची नाहीतर इंजिनिअरिंगची. त्यांना प्रकाशयोजना यूट्यूबवरून आणि वाचिक अभिनय सीनिअरच्या ओरडण्यातून शिकावा लागतो. ठाण्यात गडकरी रंगायतन आहे, घाणेकर नाट्यगृह आहे, वाशीत विष्णुदास भाव्यांच्या नावाचे नाट्यगृह आहे. ज्यांनी १८४३ मध्ये सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केले त्या भाव्यांचे नाव असलेल्या वास्तूसमोरून रोज जाणाऱ्या मुलाला नाटक हा रीतसर शिकायचा विषय आहे हे आपल्या महाविद्यालयात कळू नये, हे मला विचित्र वाटते. करंडक जिंकून देतात ती मुले आपल्याला हवी आहेत, तो विषय नको आहे.

खाडीपलीकडे वळते. नवी मुंबईतल्या संस्थांचे म्हणणे असते की आमचे शहर नवे, इथे कसला इतिहास. हे शहर वसवणाऱ्या सिडकोची स्थापना १७ मार्च १९७० ची, त्या हिशेबाने खरे. पण त्यासाठी ९५ गावांची जमीन घेतली गेली. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली उरण-जासईत आंदोलन झाले, गोळीबारात पाच शेतकरी गेले, आणि त्या लढ्यातून घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. या भूखंडांवरच्या इमारतींत राहणारी मुले आणि ज्यांची जमीन गेली त्यांची नातवंडे आपल्या एकाच वर्गात शेजारी बसतात. घणसोली, कोपरखैरणे, दिवाळे, करावे इथल्या गावठाणांतली मुले घरी आगरी बोलतात आणि वर्गात गप्प राहतात. त्यांच्या आज्या लग्नात धवले गातात. लग्नाचे विधी गाण्यातून चालवणाऱ्या धवलारिणी आता थोड्याच उरल्या आहेत, आणि त्यांची गाणी मुख्यतः त्यांच्या स्मरणातच आहेत. मोबाइल हातात असलेल्या वीस मुलांना एक शिक्षक नीट प्रश्न विचारायला शिकवू शकला तर दोन वर्षांत या शहरात लोकसाहित्याचा आणि भूसंपादनाच्या आठवणींचा ठेवा उभा राहील. कोण बोलले, कुणाला विचारले, काय गाळले, जातीचा उल्लेख कसा करायचा, बाई बोलत असताना घरातला पुरुष मधे बोलला तर ते लिहायचे का. हे सगळे समाजशास्त्राच्या पद्धतीचे प्रश्न आहेत, आणि पाठ्यपुस्तकातल्या व्याख्यांपेक्षा ते पुष्कळ अवघड आहेत.

नोकरीचे काय? प्रश्न खरा आहे. बीए केल्यावर लगेच मोठा पगार लागतो, असे मी पालकांना कधी सांगितलेले नाही. ‘एमपीएससी-यूपीएससीला उपयोगी’ ही जाहिरात तर मला अजिबात आवडत नाही, कारण तिच्यापायी मुले इतिहासही चार पर्यायांत वाचू लागतात. पण कळवा, दिघा, ऐरोलीहून येणाऱ्या आणि दुपारी कुठे कुठे काम करणाऱ्या मुलांना सकाळच्या सत्रातली, कमी फीची पदवी हाच एक रस्ता आहे. ती तुकडी गेली की ही मुले बीएमएसला जात नाहीत. ती शिकणे सोडतात, किंवा घरी बसून बाहेरून परीक्षा देतात. मुली तर हमखास.

माझे मागणे फार नाही. ठराव एक वर्ष पुढे ढकला. तेवढ्या काळात खुल्या वैकल्पिक विषयांचे तास कला विभागांकडे द्या, म्हणजे वाणिज्य-विज्ञानाची किती मुले येतात ते दिसेल. त्यांची हजेरी विभागाच्या प्रतिसादात मोजा. प्रवेशाच्या दिवसांत खिडकीशेजारी आमच्यापैकी एकाला एक टेबल आणि दोन खुर्च्या द्या. तालमीसाठी रात्री दहापर्यंत एक वर्ग उघडा ठेवा, वीजबिलाची तक्रार आली तर मुले वर्गणी काढतील, त्यांना सवय आहे. ग्रंथसंग्रहालयाचे सामूहिक सभासदत्व घ्या. आणि निदान एक मराठीचे, एक इतिहासाचे पद भरण्यासाठी प्रस्ताव पाठवा. मंजुरी मिळेल की नाही हा पुढचा प्रश्न, पण प्रस्तावच गेला नाही असे व्हायला नको.

हे काहीच जमणार नसेल आणि ठरावाच्या मसुद्यात ‘प्रतिसादाअभावी’ हेच कारण राहणार असेल, तर त्याला एक परिशिष्ट जोडावे, अशी विनंती. गेल्या दहा वर्षांत कला शाखेतले कोण कधी निवृत्त झाले, त्यातली किती पदे भरली आणि किती वेळा मागणी केली, एवढाच तक्ता. माहिती कार्यालयात तयार आहे, टंकलेखन मी करून देईन.

आपली,
तासिका तत्त्वावरील एक शिक्षिका, ठाणे